केमच्या रानात आभाळाची भरती

नात म्हणाली, "आजी, आभाळालाही भरती-ओहोटी असते. येतेस ऐकायला?" समुद्र काही मी पाहिला नाही, म्हटलं आभाळाचं तरी ऐकू. निघालेच की.

मुक्ता कॉलेजात हेच शिकते. उन्हानं हवा तापून फुगते, रात्री निवते. त्याच्या लाटा चढत चढत पार वरच्या एका थराला हलवतात. रेडिओचा आवाज त्याच थरावर आपटून लांब जातो. ऋतू बदलला की लाटा बदलतात. म्हणून ती दर ऋतूत एकाच जागी, केमच्या रानात, दिवस मावळताना, तेच परदेशी स्टेशन मोबाईलवर टेप करते. उन्हाळ्याचं तेवढं राहिलं होतं आणि सुट्टीचा शेवटचा दिवस. हुकलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बसायचं.

सोलापूरहून केमला रेल्वे बरी, तिकीटही स्वस्त. कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून घ्या, पाणी जास्तच घ्या. केमचं कुंकू लई नावाजलेलं, मी दोन पुड्या घेतल्या, ते असो. टमटमनं माझ्या धाकट्या दिरांच्या, सदाभाऊजींच्या रानात उतरलो. विहिरीवरची मोटार बंद ठेवा, तिनं रेडिओत खरखर येते, असं मुक्तानं बजावलं.

"बंदच हाय की. लाईट कुटं हाय?" भाऊजी म्हणाले.

लिंबाला रेडिओची तार बांधली. दिवस टेकला, वारा पडला, पाखरंसुद्धा गप्प. आणि रेडिओत एक बाई बोलायला लागली. भाषा कुठली कोण जाणे. आवाज पार माझ्या खांद्यामागं यायचा, मग खोल बुडायचा. कुणाला तरी हाका मारतेय असंच वाटे. मी हळूच ओ दिली. मुक्ता हसली नाही.

तेवढ्यात विहिरीवर, माणूस नसताना, मोटार सुरू झाली. बाई खरखरीत बुडाली.

स्टार्टर ऑटोवर होता. लाईट आली की मोटार आपली आपण चालू. आमच्याकडं तो कायम ऑटोवरच, त्याला चालू कुणी म्हणतच नाही.

भाऊजी धावत पेटीपाशी गेले नि तिथंच थबकले. रानातली केळी पाण्यावाचून सुकलेली, लाईट कितीतरी वाट बघून आलेली. त्यांनी केळीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं आणि लाल बटण दाबलं.

"केळी उद्या पितील. ही बाई उद्या यायची न्हाय."

बाई परत आली. अंधार पडता पडता, बोलणं अर्धं टाकून गेली.

सोलापुरात घरी मुक्तानं हिवाळ्याची नि उन्हाळ्याची टेप लावून दाखवली. हिवाळ्यात आवाज रस्त्यापलीकडून आल्यासारखा, उन्हाळ्यात विहिरीच्या तळातून. एका टेपनं काही सिद्ध होत नाही, म्हणाली, पण तिचं वर्ष भरलं. मग मी भाऊजींना फोन लावला. केळी पिली होती.

टेपमध्ये माझी ओ पण आलीय. तिच्यानंतर बाई क्षणभर थांबते. मुक्ता म्हणते, योगायोग. असेल.

दिवस मावळताना गच्चीवर दोरीवरचे कपडे काढायला जाते, तेव्हा मी एकदा हळूच ओ देऊन येते.