सासूबाईंची काळी पाच

गेल्या माघातल्या एका रविवारी दुपारी, पनवेलमधल्या आमच्या घरच्या संगणकावर, सासूबाईंचा आवाज दोन पट्ट्या खाली उतरला. सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षे झाली आहेत. खोलीत त्या वेळी पत्नी आणि मी, दोघेच होतो. पत्नी खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "बंद करा. ही आई नाही."

त्याआधीची हकिकत अशी.

सासूबाई उरणजवळच्या मोरा बंदरालगतच्या कोळीवाड्यात भजनाला गात. त्यांच्या आवाजाचे एकच ध्वनिमुद्रण आहे: भैरवीतली एक गौळण. देवळातल्या भजनात त्यांच्या भावाने, म्हणजे पत्नीच्या मामांनी, आपल्या टेपरेकॉर्डरवर ती टेप केली. पेटीवर तेच होते. टेपरेकॉर्डर पेटीशेजारी ठेवला होता. सासूबाई गेल्यावर पत्नीने त्या कॅसेटवरून गौळण बसवली. पट्टी एका पेटीवाल्याकडून शोधून घेतली. काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा सा. बायकांच्या गळ्याला ही पट्टी बरीच उंच. पुढे कॅसेटची फाइल झाली, टेपरेकॉर्डर मोडीत गेला, पण पट्टी तीच राहिली. दरवर्षी पुण्यतिथीला मामांच्या ओटीवर भजन होते आणि शेवटी पत्नी ही गौळण गाते, काळी पाचात.

दिवाळीनंतर तिचा आवाज बसू लागला. कॉलनीतल्या भजनी मंडळात ती पुढची गायिका. सरावाच्या दिवशी एक शेजारीण म्हणाली, "ताई, तुम्ही वर चढता नि आम्ही मागून खोकत येतो. जरा जिन्यात थांबा की." सगळ्या हसल्या, पत्नीही हसली, आणि हसताना खोकली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कॅमेरा घालून पाहिले. दोन्ही स्वरतंतूंवर लहान गाठी होत्या. शस्त्रक्रियेची गरज आज नाही, असे ते म्हणाले. काही आठवडे गाणे बंद, त्यानंतर पट्टी खाली. तसे केले नाही तर गाण्याचा आवाज राहील याची खात्री देता येणार नाही. त्यांनी हे वाक्य दोनदा सांगितले.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, "आठवडे बंद ठेवते. पण पुण्यतिथीला पट्टी उतरवणार नाही."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"आई या पट्टीत गायची, अहो. मामांच्या ओटीवर बसून तिचीच गौळण मी खालून गाऊ?"

गाणे बंद होते, तेवढ्या काळात तिला आईचा आवाज निदान नीट ऐकता यावा, असे मी ठरवले. आमच्या संगणकाचा आवाज पडद्याच्या आतल्या बारक्या स्पीकरमधून येत असे. त्याजागी मोठ्या स्पीकरांची जोडी आणली. त्यांना टेबलावर भिंतीपासून दूर, कानाच्या उंचीला ठेवले. यूएसबीला लावायची ध्वनीची वेगळी डबी घेतली. संगणकात आवाज 'सुधारण्याचे' जे पर्याय आपोआप चालू असतात, तेही बंद केले. ते सगळ्या गाण्यांना एकच रंग फासतात.

गौळण लावली. पखवाज पहिल्यांदा पखवाजासारखा वाजला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ऐकू आली: अथपासून इतिपर्यंत एक जाड घरघर.

"छान," पत्नी म्हणाली. "खर्च करून घरघर घरात आणलीत."

आधी संशय घरातल्या वायरिंगवर गेला. फ्रिज बंद केला, चार्जर काढले, प्लग बदलला. घरघर तशीच. दुसरी गाणी लावली तर ती नाही. म्हणजे ती मुद्रणातच होती. जुन्या स्पीकरांना इतका खालचा आवाज काढताच येत नसल्यामुळे आजवर ऐकू आली नव्हती. देवळात भाड्याने आणलेल्या लाउडस्पीकरची ती घरघर असणार. विजेवर चालणारी अशी यंत्रे विजेच्याच लयीत गुणगुणतात, आणि आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते. ध्वनी संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये पन्नास हा आकडा देऊन तेवढाच सूर पुसता येतो.

पन्नास दिले. घरघर गेली नाही.

प्रोग्रॅम आवाजाचा आलेख दाखवतो. घरघरीची रेघ पन्नासवर नव्हती. ती छप्पनवर होती. मी दुसऱ्या एका जुन्या कॅसेटची फाइल उघडली. तिच्यातली घरघर बरोबर पन्नासवर होती. पुन्हा गौळण उघडली. छप्पन.

वीज एवढी इकडेतिकडे होत नाही. मग एकच अर्थ उरतो: टेप होताना फीत हळू फिरली होती, त्यामुळे नंतर कुठल्याही चांगल्या यंत्रावर ती पळते, आणि तिच्यावरचे सगळेच वर चढते. घरघर, पखवाज, पेटी, गळा. प्रोग्रॅममध्ये वेग कमी करून घरघर पन्नासवर आणली आणि पत्नीला बोलावले. समोरच्या इमारतीचे काम जेवणासाठी थांबले होते. घरात शांतता होती.

आवाज जडसर होता. श्वास लांब होते, कडव्यांच्या मध्ये ऐकू येत होते. आजवर त्या फायलीत एक तरुण, चपळ गळा गात होता. ही पन्नाशीला टेकलेली बाई होती, दिवसभर मासळीच्या पाट्या वाहिलेली. सासूबाईंचे वय तेव्हा तेवढेच होते आणि काम तेच होते. हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

"बंद करा. ही आई नाही."

बंद केले. तिचा चेहरा उतरला होता. खुर्चीत परत बसून तिने विचारले, "तुमच्याच यंत्राचं काही चुकलं नसेल कशावरून?"

प्रश्न रास्त होता. आकडा हा एकच साक्षीदार होता. मी वर्तमानपत्रात काम करतो; बातमीला दुसरा लागतो.

पुढच्या रविवारी आम्ही मामांकडे गेलो. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांमागे बराच वेळ गेला. मामा ओटीवर जाळ्याची दोरी सोडवत बसले होते. नजर अधू झाली आहे, कान शाबूत आहेत. त्या दुपारीच फोनवर घेतलेले दोन्ही आवाज त्यांना ऐकवले आणि टेप करताना सेल उतरलेले होते का, असे विचारले. ते भडकले.

"नवं सेल व्हते! मी सवता घातले. तुमी पेपरवालं लोक, जावयबापू, जित्या मान्साची अब्रू उतरवता ती उतरवता, आता मेल्या बाईचा आवाज पन उतरवलात?"

"मामा, ते तसं नाही म्हणत," पत्नी म्हणाली.

"मंग कसं? च्या घेनार का नाय?"

चहा झाला. त्यानंतर पत्नीने स्वतःच विचारले, "मामा, तुमची जुनी पेटी आहे का अजून?"

पेटी आतल्या खोलीत कपाटावर, चादरीत गुंडाळलेली होती. मी ती खाली उतरवली. मामांनी भाता मारून पाहिला. बहुतेक पट्ट्या बोलत होत्या, काही कण्हत होत्या. पत्नी स्वतः कधी पेटी वाजवत नाही. तिने मधल्या सप्तकात काळ्या पट्ट्या बोटाने मोजल्या, पाचवीवर थांबली आणि ती दाबली. नुसती हवा आली.

"ही बिघडलीय," ती म्हणाली.

"ती? ती मुकीच हाय. घेतली तवापासना. दुकानवाला बोलला, आना परत, बदलून देतो. कोन जातंय परत? तुझे आयशीला ती लागायचीच नाय."

पत्नीने पट्टीवरचे बोट काढले नाही.

मधली पांढरी धरून दोन पट्ट्या खाली काळी चार येते. भैरवीत तिथे सा धरला तर काळी पाच वाजवावीच लागत नाही. काळी पाचच सा धरला, तर या पेटीवर सुरुवातच करता येत नाही. हे मामांना सांगावे लागले नाही. त्यांनी अधू डोळ्यांनी पेटीकडे पाहिले, मग हात पुढे केला आणि न शोधता एका पट्टीवर ठेवला.

"हितून. हितून गायची ती."

ती काळी चार होती.

"मग तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?" पत्नीचा आवाज इथे फाटला. "दरवर्षी तुमच्या पुढ्यात बसून गातेय मी!"

"मना काय ठावं, तू टेप बघून गातंस? मना वाटलं, बाय शिकलेली हाय, शहरात मंडल हाय तिचं, आयशीपेक्षा वर घेतंय. आमी बोललो, घेऊ दे." त्यांनी भात्यावर हात टेकला. "तुझी मामी बोलायची, बघा, आयशीला मागं टाकलीन."

पत्नी पेटीसमोर बसून राहिली. बाहेर कोणीतरी मामांना हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. नंतर तिने फोन मागितला आणि दुरुस्त केलेली गौळण पहिल्यापासून लावली. मामांनी काळी चार दाबून धरली. पेटीचा सूर आणि टेपमधला सूर जवळजवळ एकात एक बसले. गौळण संपेपर्यंत मामांनी भाता सोडला नाही आणि पत्नीने मान वर केली नाही.

परत येताना पनवेल जवळ आल्यावर ती एवढेच म्हणाली, "माझ्या डोक्यात आई कायम पळतच होती."

फीत हळू का फिरली, हे निश्चित झालेले नाही. सेल नवे होते, यावर मामा ठाम आहेत.

पुण्यतिथीच्या आधी डॉक्टरांनी पुन्हा तपासले. गाठी थोड्या लहान झाल्या होत्या. एक गाणे, तेही खालच्या पट्टीत, एवढी परवानगी त्यांनी दिली.

भजन मामांच्या ओटीवरच झाले. पेटीला कॉलनीच्या मंडळातला नेहमीचा पेटीवाला होता. शेवटी त्याने सवयीने काळी पाच धरली. पत्नीने चार बोटे वर केली. त्याला वाटले, ती थांबायला सांगते आहे.

"काय झालं, ताई?"

"चार," मामाच म्हणाले. "काली चार धर."

त्याने पट्टी बदलली. गौळण पूर्ण झाली. आवाज कुठेही फुटला नाही.

दोन्ही फायली आमच्या संगणकावर आहेत. जुनी फाइल शेवटची कधी उघडली गेली, ते संगणक दाखवतो: माघातल्या त्या रविवारी, दुपारी.