उद्याची ड्यूटी, वॉर्ड चार

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं, ते म्हणजे तिचा मेसेज वाचणं. रोजचंच होतं. बायको एका हॉस्पिटलात आया होती. दिवेलागणीला तिच्या मोबाईलवर मेसेज यायचा, उद्या कुठली पाळी आणि कुठला वॉर्ड. तिला चष्मा सापडायचा नाही, म्हणजे डोक्यावर असायचा. मग मोबाईल माझ्यापुढं धरायची. "अहो, वाचा काय आलंय."

मी चौथी शिकलेला. जन्म गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकण्यात गेला. अजून बोट लावून वाचतो. त्या दिवशीही वाचलं, "उद्याची ड्यूटी. सकाळ. वॉर्ड चार."

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "वॉर्ड चार सोडून दुसरीकडं पाठवलं तर पाप लागेल त्यांना."

"सगळे म्हातारेच ना तिथं? सवय आहे तुला."

"तिथले बरे. चादर बदलली की गप्प पडतात. घरचा एक गप्प पडत नाही."

एवढंच बोलणं झालं. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, त्रास नाही झाला. तिला नसेल झाला. निवडलेली मेथी फ्रिजमध्ये काळी पडली, मग मुलीनं टाकली.

तिला पोचवून आलो त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. कपाटावर तिचा मोबाईल वाजला. कुणाचं लक्ष नव्हतं. मी उठून वाचला. उद्याची ड्यूटी, सकाळ, वॉर्ड चार. मोठ्यानंच वाचला असणार, कारण सगळे गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशीही. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, मेसेज येतच राहिला. मी तिचा मोबाईल चार्ज करून ठेवायला लागलो. माझा पडला बंद तर पडू दे. संध्याकाळी पाटावर बसायचं, मेसेज यायचा, वाचायचा. सोबत वगैरे मी म्हणत नाही. पण दिवसाला एक काम होतं.

मुलगी खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. वारज्याला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते. आठवड्यातले काही दिवस घरून काम असतं, तेव्हा लॅपटॉप घेऊन माझ्याकडंच बसते. तिच्या कंपनीकडं जी कामं आहेत त्यात आईचं हॉस्पिटलही आहे. एकदा तीच म्हणाली, "बाबा, तुमच्याशी बोलायचंय."

तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. हॉस्पिटलातल्या सगळ्या माणसांची नावं एका सर्व्हरवर असतात. त्याला डिरेक्टरी म्हणतात. गेट उघडणारं मशीन, ड्यूटी लावणारं मशीन, मेसेज पाठवणारं मशीन, सगळी तिथूनच नाव उचलतात. माणूस सोडून गेला, रिटायर झाला, मेला, की ते नाव तिथून काढायचं. काढायचं काम मुलीकडं. आईचं नाव काढा म्हणून हॉस्पिटलच्या ऑफिसातून कधीच निरोप आला होता.

"मग?"

"मग काय. होत नाही माझ्याच्यानं."

"काढलं तर मेसेज बंद?"

"बंद."

"मग नको काढू."

तिनं लॅपटॉप मिटला. नाही म्हणाली नाही. तिलाही तेच ऐकायचं असेल. तिथून पुढं ऑफिसातून विचारणा आली की ती काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. आम्ही दोघं त्या बाबतीत एकमेकांचे गुपचूप भागीदार झालो.

मग एका दुपारी बायकोची मैत्रीण आली. वॉर्ड चारमधलीच आया, दोघी बरोबरच कामाला लागलेल्या. चहा ठेवला तर म्हणाली, "बसत नाही भाऊजी, कंबर बसू देत नाही." तरी बसली. हात बघितले तिचे, सोललेले होते.

"एकटीनं ओढतेय वॉर्ड," ती म्हणाली. "मुकादमाला म्हणलं, दुसरी बाई द्या. तर म्हणतो, लिस्टमध्ये तुम्ही दोघी आहात. म्हणलं, दुसरी वर गेली, विसरलास का? तर म्हणतो, मला माहीत आहे हो, पण मशीन ऐकत नाही. तिचं नाव आहे तोवर जागा भरलेली दाखवतं."

मी कप तिच्यापुढं सरकवला.

"काल एक आजोबा पहाटेपासून ओल्यात पडून होते. मी दुसऱ्या टोकाला. हाका मारून मारून घसा बसला त्यांचा. ती असती तर मला कच्चं खाल्लं असतं."

खाल्लंच असतं. आमच्याकडं पाव्हण्यांचं पोर गादीवर मुतलं, तर ही जेवणावरून उठायची. माणसाला ओल्यात ठेवू नये, एवढा एकच धर्म तिनं जन्मभर पाळला. आणि तिच्याच नावावर म्हातारी माणसं ओल्यात पडून होती. का, तर मला संध्याकाळी वाचायला काहीतरी पाहिजे होतं.

मैत्रीण गेली आणि मी मुलीला फोन केला. "ये. आणि तो लॅपटॉप आण."

आली. सगळं ऐकलं. म्हणाली, "आजचा मेसेज येऊन जाऊ दे बाबा, मग काढते."

"आजच्या मेसेजवर उद्याची ड्यूटी लागते. आत्ताच काढ."

तिनं काळा पडदा उघडला. मला वाटलं होतं नावांपुढं फुली मारायची असते. तसं नव्हतं. अक्षरं टाईप करायची, आधी काढायचा हुकूम, मग पूर्ण पत्ता. पाकिटावर लिहितो तसा, आधी माणूस, मग वॉर्ड, मग हॉस्पिटल. मी म्हणलं, "थांब, चुकून दुसरीच बाई निघायची." इंग्रजी मला नंबरप्लेटीपुरतं येतं. एकेक अक्षर बोटानं वाचलं. तिचंच होतं.

मुलीनं बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ आली.

"नाही म्हणतंय," ती म्हणाली. "आईच्या नावाखाली अजून एक एन्ट्री आहे. खालचं असेल तर वरचं काढू देत नाही. आधी टोकाचं काढावं लागतं."

"काय आहे खाली?"

"तिचा मोबाईल."

आम्ही दोघांनी कपाटाकडं बघितलं.

"काढ," मी म्हणलं.

तिनं आधी मोबाईल काढला. मग परत तो पहिला पत्ता घातला. या वेळी हात थांबला तिचा. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच पडला, पत्रा ठोकणाऱ्याचा हात. तिनं बटण दाबलं. पडद्यावर काही आलं नाही. नुसती रिकामी ओळ, पुढं चौकोन लुकलुकत.

"झालं?"

"झालं."

"काही बोललं नाही ते."

"झालं की काही बोलत नाही, बाबा. चुकलं तरच बोलतं."

"तुझी आई दोन्ही वेळा बोलायची."

ती हसली आणि मग हसणं राहिलं नाही. डोळे पुसून तिनं खात्रीसाठी आईचं नाव शोधलं. परत एक ओळ आली. अशी कुणी नाही, म्हणून.

"होती म्हणावं त्याला," मी म्हणलं. "नाही काय म्हणतंय?"

दिवेलागणीला पाटावर बसलो. मुलगीही बसली. मेसेज आला नाही. येणार नव्हताच. तरी अंधार पडेपर्यंत बसलो, मग तिनं दिवा लावला आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी बायकोचा मोबाईल चार्जरवरून काढला. हॉस्पिटलच्या तिच्या युनिफॉर्मच्या साड्या इस्त्री करून कपाटात होत्या, त्या एका चादरीत बांधल्या. स्कूटर पुसली, मागची सीटसुद्धा. रोज सकाळी तिला गेटपर्यंत मीच सोडायचो. इतकी वर्षं मागं बसली, पण मधे वीतभर जागा सोडून, मागची दांडी धरून. गठडीला दांडी धरता येत नव्हती. प्रत्येक ब्रेकला माझ्या पाठीला येऊन लागत होती.

गेटवर नेहमीच्या जागी थांबलो. मैत्रीण उभी होती. शेजारी एक बाई, घरच्या फुलाफुलांच्या साडीत, नवी दिसत होती.

"आज दोघी आहोत भाऊजी," मैत्रीण म्हणाली.

मी गठडी त्या नव्या बाईच्या हातात दिली. तिनं गाठ सैल करून आत बघितलं.

"कुणाच्या आहेत?"

मैत्रीण माझ्याकडं बघायला लागली.

"वॉर्ड चारच्या," मी म्हणलं आणि स्कूटर वळवली.