शंभरच्या वरची माणसं

रक्ताचा नमुना आम्ही दोन दिवस ठेवतो आणि मग टाकून देतो. किस्स्यांचं तसं करता येत नाही. निपाणीत बाजारपेठेमागच्या एका दवाखान्याला लागून असलेल्या छोट्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं लोकांना सुया टोचतेय. इतके किस्से साठलेत की लग्नकार्यात नातेवाईक मला घेरूनच बसतात. "शैला, सांग की एखादा लॅबमधला!" मी सांगते, लोक पोट धरून हसतात.

पण यातले बरेचसे किस्से फिरून माझ्या थोरल्या बहिणीशी, आक्काशी येऊन थांबतात. आणि आक्का आता नाही. आमच्या लॅबच्या रिपोर्टानं सुरू झालेल्या गोळ्यांनी ती गेली, असं मी मानते. म्हणून तिचे किस्से लग्नात सांगत नाही. आज सांगते.

*

आधी आमचे म्हातारे डॉक्टर. त्यांच्या टेबलामागं एक पिवळा पडलेला तक्ता होता. उपाशीपोटी एकशेवीसपर्यंत नॉर्मल, एकशेचाळीसच्या पुढं शुगर. मधल्यांना म्हणायचे, "गोड जरा हात राखून खा." रिपोर्ट हातात घेतला तरी ते वाचायचे सगळ्यात शेवटी. आधी विचारायचे, "रात्री किती खेपा उठतोस? पायाला मुंग्या येतात? जखम लवकर भरती का?" मग नखं बघायचे, जीभ बघायचे आणि म्हणायचे, "छलो ऐति!" म्हणजे चांगलं आहे. मराठी पेशंट असो, कानडी असो, निकाल कानडीतच!

आक्का दरवर्षी गणपतीच्या आधी त्यांच्याकडं यायची. वय एकसष्ट, अंगानं काटक, तंबाखूच्या रानात सुनेच्या पुढं चालणारी. येताना डॉक्टरांना भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणायची. तिची साखर कधी एकशेसहा, कधी एकशेआठ, कधी एकशेसात.

डॉक्टर म्हणायचे, "आक्का, तुमची साखर आणि माझं भिंतीवरचं घड्याळ, दोन्ही जागचं हलत न्हाईत. जावा, भाकरी खावा!"

*

पण म्हाताऱ्या डॉक्टरांना मी देव करणार नाही. भैरू नावाचा टेम्पो ड्रायव्हर होता. त्याची उपाशीपोटी साखर आली एकशेचौतीस. जुन्या तक्त्यानं तो मधल्यात बसत होता. डॉक्टर म्हणाले, "चहात साखर कमी कर. छलो ऐति!"

नवा तक्ता असता तर भैरू त्याच दिवशी डायबेटिसवाला ठरला असता आणि त्याला औषध सुरू झालं असतं. तसं झालं नाही. दोन वर्षांनी चप्पल चावून अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. बेळगावला नेऊन अंगठा काढावा लागला.

त्यानंतर तो लॅबमध्ये आला आणि पाय पुढं करून म्हणाला, "मॅडम, डॉक्टरास्नी सांगा, नऊ बोटं छलो ऐति!"

डॉक्टरांना मी ते सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

*

पुढं म्हातारे डॉक्टर थकले. दवाखाना एका तरुण डॉक्टरांनी घेतला. हुशार माणूस, इंग्रजी फाडफाड, रोज वाचन. आल्या आल्या त्यांनी पिवळा तक्ता काढला आणि गुळगुळीत रंगीत तक्ता लावला. शंभरच्या पुढं प्री-डायबेटिस, एकशेसव्वीसच्या पुढं डायबेटिस. शिवाय तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्टही सुरू झाली.

तो तक्ता डॉक्टरांनी आणलेला नव्हता. तो आणला एका औषध कंपनीच्या प्रकाश नावाच्या एम.आर.नं. स्वतः स्टुलावर चढून खिळाही त्यानंच ठोकला. खाली उतरून हात झटकले आणि बॅगेतून पुडा काढला. पेढे!

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

"मॅडम, आकडा खाली आला की आपलं मार्केट वर जातं! तोंड गोड करा!"

मला राग यायला हवा होता. मी दोन पेढे खाल्ले.

*

नव्या आकड्यांबरोबर कॉम्प्युटरही आला. आकडा हद्दीबाहेर गेला की तो रिपोर्टात ठळक व्हायचा आणि पुढं एक फुली उमटायची. बिड्या वळणाऱ्या बायकांनी तिचं नाव ठेवलं चांदणी. "बाई, माज्या कागदावर चांदणी पडली का हो?" असं विचारत त्या दारात उभ्या राहायच्या.

देसाई गुरुजींच्या कागदावर पडली. एकशेएक! छत्तीस वर्षं शाळेत पोरांना नापास करणारा माणूस. चष्मा वर करून त्यांनी रिपोर्ट तीनदा वाचला आणि म्हणाले, "एका मार्कानं? रिचेकिंग करा."

दुसऱ्या खेपेला आधीचे चार दिवस ते फक्त काकडी खाऊन आले. अठ्ठ्याण्णव! गुरुजींनी लॅबमध्येच माझ्याशी शेकहँड केला. तेवढ्यात डॉक्टरांनी तीन महिन्यांची टेस्ट लिहून दिली आणि त्यात चांदणी पडली ती पडलीच.

गुरुजी खचून बाकावर बसले. "हे बरोबर न्हाई, शैलाबाई. सिलॅबस तुम्ही पेपरच्या दिवशी बदलताय!"

*

एकदा कॅलिब्रेशन झाल्यावर मशीन नीट चालतं का बघायला मी तरुण डॉक्टरांचंच रक्त घेतलं. उपाशीपोटी एकशेबारा. चांदणी!

रिपोर्ट त्यांच्यापुढं ठेवला. ते म्हणाले, "हे टेन्शनचं आहे. रिपीट करा."

पुन्हा केलं. एकशेचौदा.

"मशीन बघून घ्या एकदा," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्या पेशंटची साखर होती एकशेतीन. त्याला गोळी लिहून दिली.

*

कोगनोळीकडचे एक शेतकरी होते, मारुती अण्णा. त्यांची सासुरवाडी नाक्याच्या पलीकडं, महाराष्ट्रात. तिकडच्या जुन्या डॉक्टरांकडं अजून जुनाच तक्ता. अण्णांनी एकाच आठवड्यात दोन्हीकडं तपासलं. दोन्हीकडं एकशेदहा. पण तिकडं नॉर्मल आणि आमच्याकडं चांदणी!

दोन्ही कागद माझ्या टेबलावर ठेवून अण्णा म्हणाले, "मॅडम, आमच्या आज्यापास्नं सीमाप्रश्न ऐकत आलोय. पर आज कळला! नाक्याच्या अल्याड मला शुगर हाय, पल्याड न्हाय. मग गूळ-शेंगा खायाला सासुरवाडीला जातो!"

आणि खरंच जायला लागले. महिन्यातून दोनदा. बायको वैतागली.

*

इकडच्या एका साखर कारखान्यावर आमच्या लॅबनं शिबिर घेतलं. औषध कंपनीचा मांडव, कंपनीचा बोर्ड, कंपनीचंच पाणी. शुगरची तपासणी फुकट. नेमकी त्याच दिवशी सभासदांना सवलतीची साखर वाटायची होती. म्हणून एका टेबलावर मी बोट टोचत होते आणि शेजारच्या टेबलावर कारखान्याचा माणूस पोती मोजून देत होता. माइकवरून घोषणा चाललेली, "सभासदांनी आधी शुगर तपासावी, मग साखर घ्यावी!"

दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त लोकांच्या कागदावर चांदणी. एक आजोबा पोतं खांद्यावर घेऊन माझ्यापुढं आले. म्हणाले, "पोरी, दोन्ही टेबलं एकाच मालकाची हाईत का गं?"

मी नाही म्हटलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

*

त्याच वर्षी गणपतीच्या आधी आक्का आली. शेंगांची पिशवी नव्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. रक्त मीच काढलं, मशीनवर मीच लावलं. एकशेआठ. नेहमीचाच आकडा. प्रिंट निघाली तेव्हा त्याच्यापुढं चांदणी होती.

आक्का म्हणाली, "ही कसली गं चांदणी?"

"आक्का, शुगर जराशी जास्त आहे."

"गेल्या साली किती हुती?"

"एकशेआठच."

"मग ह्या साली काय बिघडलं माझं?"

"नियम बदललाय."

"कुणी बदलला?"

"मोठ्या डॉक्टरांनी. परदेशात."

आक्कानं पदर सावरला. "त्यांनी मला बघितलंया व्हय कधी?"

मी हसले. तिला जवळ बसवून सांगायला हवं होतं की घाबरू नको, तुला काही झालेलं नाही. पण बाहेर अकरा पेशंट बसले होते.

*

डॉक्टरांनी आधी एक गोळी दिली. तीन महिन्यांनी एकशेपाच. मग दुसरी, कडक गोळी जोडली. एकशेतीन. शंभरच्या आत काही येईना. डॉक्टर म्हणायचे, "जवळ आलोय, आता सोडायचं नाही!"

आक्का मुळातच हट्टी. पोराच्या लग्नात मांडवाच्या मेढी स्वतः रोवलेली बाई. तिनं शंभरचा ध्यास घेतला. गूळ सुटला, भात सुटला, केळं सुटलं, भाकरी अर्धी झाली. गल्लीतल्या बायका सांगतील ते प्यायची. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, कसल्या कसल्या पानांचा काढा. चोळ्या ढिल्या झाल्या. रानात जाताना सून पुढं आणि आक्का मागं, असं व्हायला लागलं.

मी एकदा धीर करून डॉक्टरांना म्हटलं, "सर, आमच्या आक्काला दोन-दोन गोळ्या लागतात का हो? वाळत चालली आहे."

ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "शैलाबाई, रिपोर्ट तुम्हीच दिलाय ना? खाली सही कुणाची आहे?"

सही माझी होती. मी गप्प बसले. नोकरी होती, आणि मला वाटायचं की शिकलेल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. आज मला त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

*

आता शेवटचा.

एकादशी होती. आक्का चाळीस वर्षं एकादशी धरायची, निर्जळी नाही, पण फराळ अगदी नावाला. त्या दिवशी तोही केला नाही, कारण साबुदाणा शुगरला वाईट आणि शेंगदाण्याचा लाडू गुळाचा. सकाळची गोळी मात्र वेळेवर घेतली. सुनेला म्हणाली, "उपास पोटाला असतो, गोळीला न्हाय."

दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. सून घाबरली. तिला वाटलं शुगर वाढली. शुगरवाल्या माणसाला चक्कर आली तर शुगर वाढलेलीच असणार, एवढंच सगळ्या गावाला माहीत होतं. तिनं संध्याकाळची गोळी दुपारीच पाण्याबरोबर दिली. वर मेथीचं पाणी पाजलं. त्या पोरीला मी कधीही दोष दिलेला नाही. उलटं, म्हणजे उपाशीपोटी गोळीनं साखर एकदम उतरली तर काय होतं आणि तेव्हा काय करायचं, हे त्या घरात कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. बोट टोचून साखर बघायचं छोटं मशीन पिशवीत टाकलं, शेजारच्या हॉटेलातून कागदात मूठभर साखर बांधून घेतली आणि स्कूटर काढली. गाव पंधरा मिनिटांवर. सोप्यात आक्का घोंगड्यावर पडलेली, चोळी घामानं चिंब. बोट टोचलं. मशीनवर आकडा आला चौतीस.

भाच्याला ओरडले, "गाडी काढ!" पेल्यात साखर कालवली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमचा ओठाला लावला. आक्कानं दात घट्ट आवळले. मी बोटानं गालाच्या आत साखर लावायला गेले तर तिनं मान फिरवली. अंगात जीव नव्हता, पण माझं मनगट धरून दूर लोटण्याएवढा जोर तिनं कुठून आणला कुणास ठाऊक.

"आक्का, घे गं! मी शैला हाय, मी सांगतेय न्हवं, घे!"

तिनं डोळे उघडले. मला ओळखलं. त्यानंतर बेळगावला पोचेपर्यंत आणि नंतरही ती काही बोलली नाही. तेव्हा बोलली ते एवढंच.

"नगं गं शैला. उद्या टेस्ट हाय. ह्या खेपेला तरी शंभरच्या आत येऊ दे."