केसांवरची वाटी
करडीचं तेल तापलं की जळकोटचं माहेरचं अंगण आठवतं. सातव्या महिन्यात माझी वेणी मुठीत मावत नव्हती, टाळू खाजली की आई तेल जिरवत म्हणायची, “लेकरापायी केसाला जोर आलाय.” बाळ पोटातच गेलं, तरी तीन महिन्यांनी चारचौघी बाळंतिणींसारखेच माझे केस पुंजक्यांनी गळू लागले. आई ते पिशवीत साठवायची. एकदा केसांवर भांडी देणारी बाई दारात आली. पुंजका चाचपत म्हणाली, “बाळंतिणीचे केस हायत की! लेकराला वाटी देऊ का?” आई खाली बघत म्हणाली, “हाव, बारकी दे.” इतकी वर्षं झाली, माझ्या फडताळातली ती वाटी अजून उष्टी झालेली नाही.