अर्पणपत्रिकेतलं नाव

मंडळी, दुबई मरीनातल्या सभागृहांमधला एसी हा पंचमहाभूतांचा अपमान आहे, हे मी खेदपूर्वक नमूद करतो.

आज तिथे एका वयोवृद्ध फ्रेंच चित्रपट समीक्षकांचं भाषण ऐकलं. साठच्या दशकात त्यांनी आधी इतरांचे सिनेमे फाडले, मग स्वतः कादंबऱ्या लिहिल्या. माझाही धंदा तोच, फक्त मराठीत.

शाळेत फ्रेंच शिकणाऱ्या माझ्या लेकीने त्यांची कादंबरी सहीसाठी पुढे केली. सगळी वाचली होती म्हणे!

“आणि बापाची?” मी टोमणा मारला.

“बाबा, कमॉन! यू नो आय कान्ट रीड मराठी.”

माझ्या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत तिचंच नाव आहे. तेही तिला वाचता येत नाही.

समीक्षकांची भीती मला कधी वाटली नाही. माझ्यानंतर घरात ते पुस्तक कुणी उघडणार नाही, याची वाटते.