अमेरिकेला निघालेले घरमालक

घरातून निघायला माणसाने किती वेळ लावावा याला काही मर्यादा असेल, तर ती आमच्या घरमालक काकांनी केव्हाच ओलांडली होती. ते सोळा वर्षं अमेरिकेला निघालेले होते. लातूरच्या आमच्या गल्लीत "काका कुठंयत?" असं कुणी विचारलं, की उत्तर "अमेरिकेला" असं यायचं, आणि विचारणारा न थांबता सरळ त्यांच्या दुकानाकडे चालू लागायचा. मी कॉलेजसाठी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायला आले, तेव्हा यातली तेरा वर्षं उलटून गेली होती. मी किनवटकडची. आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढले आणि आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. कुणाविषयी असं लिहिण्याचा मला सराव नाही आणि काकांना मी पूर्ण ओळखलं असंही म्हणवत नाही. जे पाहिलं तेवढं सांगते.

काकांची धाकटी बहीण लग्न होऊन अमेरिकेला गेली, तिथली नागरिक झाली, आणि भावाला व वहिनीला कायमचं तिकडे नेण्यासाठी तिने अर्ज केला. भावाबहिणींच्या अर्जांची रांग फार लांब असते. तिथलं सरकार दर महिन्याला एक तारीख जाहीर करतं. त्या तारखेच्या आधी ज्यांचे अर्ज पडलेत, त्यांचा नंबर. मी आल्यापासून ती तारीख मोबाइलवर वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. काका त्यासाठी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसत. तारीख कधी आठ दिवस पुढे सरके, कधी जागेवरच असे, आणि एकदा तर ती दीड वर्ष मागे गेली. मी दोनदा वाचून खात्री केली आणि अपराध्यासारखं सांगितलं. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "उदगीरची एस.टी. उशिरा येती, पण निघालेली गाडी मागं जाताना मी अजून बघितली न्हाई."

काकांचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. हात इतका चांगला, की दुसऱ्यांनी भंगारात काढलेला मिक्सर त्यांच्याकडून नवरदेवासारखा सजून परत यायचा. पण ज्या दुरुस्तीला पंधरा दिवसांहून जास्त लागतील ती ते घ्यायचेच नाहीत. "मधीच नंबर लागला तर लोकांची भांडी माझ्याकडं अडकायची," असं ते मनापासून सांगायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, गेल्या दिवाळीलाबी हेच म्हणून राहिल्ते." काका म्हणायचे, "मग बघ, किती जवळ आलं असंल." घरातही सगळं असंच होतं. त्यांच्या लाकडी पलंगाचा एक पाय मोडला होता आणि त्याखाली वीट ठेवलेली होती. आता जाताजाता कशाला दुरुस्ती, असं म्हणत ती ठेवली, ती इतकी वर्षं राहिली की घराला रंग दिला तेव्हा विटेलाही दिला. दुनियेचे मिक्सर सांधणारा माणूस स्वतः त्या विटेवर झोपायचा. काकू दर उन्हाळ्यात पापडांचा एक डबा "अमेरिकेचा" म्हणून वेगळा काढायच्या आणि पोळा येईपर्यंत आम्हीच तो संपवायचो. बहिणीने पाठवलेलं जाड जाकीट काका एप्रिलमध्ये दुपारी पाच मिनिटं घालून बसायचे. अंगाला सवय पाहिजे, म्हणायचे. घामाने भिजून बाहेर आले की काकू नुसता टॉवेल पुढे करायच्या.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि मी हसलेही. पण दर रविवारी सकाळी बहिणीचा फोन यायचा, तेव्हा मला माडीवरून खाली यावंसं वाटायचं नाही. बहिणीचे यजमान वारल्यावर ती तिकडे एकटीच राहत होती. काकांची आई गेली तेव्हा ही बहीण दीड वर्षाची होती आणि काका सहा वर्षांचे. तिला कडेवर घेऊनच ते शाळेच्या दारात बसायचे. फोनवर ती बाकी सगळं बोलून झालं की शेवटी एकच विचारायची, "दादा, कधी?" आणि काका सोळा वर्षं एकच उत्तर द्यायचे, "आलोच बघ."

मग एका महिन्यात मी तारीख वाचली आणि ती काकांच्या अर्जाच्या पुढे गेलेली होती. काकांनी तीनदा वाचायला लावलं. त्या दिवसापासून घरात कागदांचं राज्य सुरू झालं. शिष्यवृत्ती, वसतिगृह, जातपडताळणी असे फॉर्म दहावीपासून मी स्वतःच भरत आले होते, त्यामुळे या एका बाबतीत माझा थोडा हात बसला होता. काकांचा मात्र एकच नियम होता: अमेरिकेच्या साहेबापुढे एक अक्षर खोटं जाता कामा नये. पोलीस दाखल्यासाठी हवालदार घरी चौकशीला आले, तेव्हा काकांनी न विचारताच सांगून टाकलं, की सातवीत असताना उदगीरहून लातूर रोड स्टेशनपर्यंत बिनतिकीट रेल्वेने आलो होतो आणि दोनदा दुसऱ्याच्या उसात शिरलो होतो. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "काका, हे कुणी विचारलं न्हाई."

"न्हाई, पण लिहून घेतलेलं बरं."

"ऊसवाल्याची तक्रार हाय का?"

"ते वारले."

"मग चहा सांगा," हवालदार म्हणाले.

खरी अडचण आली ती जन्माच्या दाखल्याची. काकांचा जन्म उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका खेड्यात झालेला. गावच्या नोंदीत त्यांचं नावच नव्हतं. पासपोर्टवर आणि शाळेच्या दाखल्यावर तारीख होती एक जून. आमच्या भागात हे नवल नाही. मूल शाळेत घालायला आणलं, की मास्तर अंदाजाने वर्ष धरायचे आणि तारीख एक जून टाकायचे. माझ्या वडिलांची एक जून आहे, दोन्ही चुलत्यांचीही एक जूनच. आता नोंद नसल्याचा दाखला मिळाला होता, पण सोबत जन्म ठाऊक असलेल्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. अशी एकच व्यक्ती हयात होती, काकांची चुलत बहीण. वय पंचाहत्तरीच्या आसपास. सगळे तिला आक्का म्हणायचे. आई गेल्यावर या दोन भावंडांना भरवलं होतं ते तिनेच.

आम्ही तिघं सकाळच्या एस.टी.ने उदगीरला गेलो, तिथून जीपने गावी, आणि आक्कांना घेऊन परत उदगीरच्या तहसीलसमोर. कडुलिंबाच्या झाडाखाली टायपिस्टने मजकूर आधीच तयार ठेवला होता. माझा चुलत भाऊ अमुक याचा जन्म एक जून रोजी माझ्या समक्ष झाला, असं त्याने भराभर वाचून दाखवलं आणि शाईचं पॅड पुढे केलं.

"इल्ल," आक्का म्हणाल्या.

सीमेवरच्या त्या गावांत अगदी पक्का नकार कानडीत देतात. टायपिस्टला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं. त्याने मोठ्याने परत वाचलं.

"बहिरी न्हाई मी. जूनमधी न्हाई झाला हा. तुरी काढून राहिल्ते आम्ही. ह्याची माय खळ्यावरून उठली अन् घरात गेली."

"आज्जी, अंगठा करा. सगळ्यांची एक जूनच असती."

"सगळ्यांची असंल. ह्याची न्हाई."

काकूंनी समजावलं, टायपिस्टने समजावलं. कागदावरची तारीख जुळली नाही तर सोळा वर्षं पाण्यात जातील, हेही सांगून झालं. आक्का पदर खोचून बसून राहिल्या. खोट्यावर अंगठा करणार नाही, एवढंच म्हणायच्या. आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो, कारण आता तेच काही बोलले तर आक्का ऐकणार होत्या.

काका आक्कांच्या समोर उकिडवे बसले. म्हणाले, "थंडी होती का गं?"

"लई. तुला तुराट्यांच्या जाळावर शेकलं."

"रडलो का मी?"

"न्हाई रडला. मायनं ईचारलं, पोरगं रडत कामून न्हाई. मी म्हणलं, ऐकून राहिलाय. खळ्यावर तुरी बडवत होते ना."

काका मान खाली घालून ऐकत होते. वयाची साठी उलटेपर्यंत त्यांना स्वतःच्या जन्माविषयी कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सांगणारी आई लवकर गेली, आणि ते विचारायचे कुणाला? टायपिस्टने घड्याळ बघितलं. काका शांतपणे म्हणाले, "आक्का खोटं बोलणार न्हाई, अन् मी बोलायला लावणार न्हाई. ऱ्हाऊ द्या. तिला मी फोन करून सांगतो." तिला म्हणजे बहिणीला. काकूंनी तोंड दुसरीकडे वळवलं.

मोठ्यांच्या मध्ये बोलायची मला सवय नाही. पण माझ्या शिष्यवृत्तीच्या वेळी वडिलांच्या कागदांत असाच घोळ झाला होता, तो मला आठवला. मी चाचरत म्हणाले, "दोन्ही लिहिलं तर? म्हणजे शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर एक जून आहे, ती मास्तरांनी अंदाजाने घातली, हे लिहायचं. आणि जन्म त्याआधीच्या तुरीच्या काढणीत झाला, नक्की दिवस आठवत नाही, आक्का तिथं होत्या, हेही लिहायचं. सगळं खरंच आहे ना?"

टायपिस्ट म्हणाला, "असं अफिडेव्हिट आजवर मी टाईप केलं न्हाई."

"मग आज कर," आक्का म्हणाल्या. तीनदा वाचून घेतलं आणि मगच अंगठा उमटवला.

तो कागद चालेल की नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. पुढचे कित्येक महिने काका पंधरा दिवसांची नाही, तर तीनच दिवसांची कामं घेत होते. शेवटी मुंबईला मुलाखतीचं बोलावणं आलं. आधी वैद्यकीय तपासणी होती. छातीच्या एक्स-रेला गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं, तेव्हा काकांनी गळ्यातलं इष्टलिंग काढलं, पण लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अंगावेगळं केलं नाही. मुठीत धरून उभे राहिले. राहून गेलेल्या लसीही तिथेच टोचल्या. "आता बालवाडीतबी घालतेत का काय," असं काकूंना म्हणाले. मुलाखतीत साहेबाने सगळी फाइल चाळली आणि आक्कांच्या कागदावर थांबला. त्याने दुभाष्यामार्फत एकच प्रश्न विचारला, तूर म्हणजे काय? काकांनी सांगितलं. पेरतात जूनमध्ये, काढतात थंडीत, वरण तिचंच. साहेब म्हणाला, म्हणजे तुमच्या कागदावर पेरणीची तारीख आहे. तो हसला आणि व्हिसा देत असल्याचं त्याने सांगितलं. हे मला काकूंनी सांगितलं. काकांना विचारलं की ते फक्त "आक्काचा अंगठा" एवढंच म्हणायचे.

जायच्या आदल्या दिवशी काका पलंगापाशी खुडबुड करत होते. वीट बाजूला काढलेली होती आणि नवा पाय बसवून ते त्याला पॉलिश करत होते. मी म्हणाले, "काका, आता कशाला?" ते म्हणाले, "आता तू अन् तुझ्या कॉलेजच्या पोरी खाली राहायला येणार ना माय. विटेवर कसं झोपायचं?"

आता त्यांना जाऊन दुसरं वर्ष लागलं. बहिणीच्या घरी चोवीस तास पाणी आहे, तरी काका रोज दोन बादल्या भरून ठेवतात, अशी तिची प्रेमळ तक्रार असते. शेजाऱ्यांचे मिक्सर पंधरा दिवसांच्या वर लागणारे असले तरी घेतात. रविवारी सकाळचा फोन आता आक्कांच्या गावी जातो, आणि "कधी येणार?" हे आता आक्का विचारतात.

गेल्या जानेवारीत मी सुट्टीला घरी गेले होते. आमच्या शेतात तुरीची मळणी चालली होती. काय मनात आलं, मी काकांना फोन लावला आणि म्हणाले, "काका, इकडं तुरी काढून राहिलेत."

काका म्हणाले, "म्हणजे झाला म्हणायचा माझा वाढदिवस." मागून काकू म्हणाल्या, "जूनमधी एक केक खाऊन झालाय ह्यांचा." काका म्हणाले, "माय, जरासक फोन तिकडं धर."

मळणीयंत्राची धडधड एवढी होती, की त्यातून काही वेगळं ऐकू जाणं शक्यच नव्हतं. यंत्रापाशी माझे बाबा पेंढ्या टाकत होते. त्यांचीही तारीख एक जून, आणि त्यांना विचारायला कुणी आक्का राहिलेली नाही. मी फोन उंच धरून उभी राहिले. तिकडे काका ऐकत होते.