बारा पिशव्या माती

वडील सोनार. कोल्हापुरात गुजरीमागच्या, म्हणजे सराफ बाजारामागच्या गल्लीत त्यांची बैठक होती. पाटावरून उठताना ते मांडीवरचं फडकं जपून झटकायचे, मिशा आणि भुवया कुंच्याने झाडायचे आणि मगच जेवायला यायचे. खाली पडलेला केर वर्षभर डब्यात साठायचा. मग तो जाळून, लोखंडी खलात कुटून झारेकऱ्याला द्यायचा, आणि झारेकरी तो धुऊन त्यातलं सोनं काढायचा. हे सगळं बघत मी मोठा झालो. तरीही भूशास्त्राची पदवी खिशात घालून मी तो मूर्खपणा केला.

नव्वदच्या दशकात एका खासगी कंपनीत मला पहिली नोकरी लागली, सोनं शोधायची. कोल्हापूरच्या काळ्या दगडात सोनं नसतं. आम्ही शोधायचो ते हद्दीपलीकडे, कर्नाटकातल्या फार जुन्या हिरवट खडकांच्या पट्ट्यात. तिथली माती पिशव्यांत भरून कोल्हापूरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आणायची, मशीनवर दळायची आणि तपासणीला प्रयोगशाळेत धाडायची. साहेब विदर्भातले, एकटे, निवृत्तीला आलेले. आयुष्यभर डोंगर तुडवले पण हाताला काही लागलं नाही, असं ते हसत सांगायचे. मातीला हात लावणाऱ्याच्या बोटात अंगठी नको, हा त्यांचा पहिला नियम. सोन्याचा जरासा कण मातीत गेला तरी निकाल खोटा येतो.

एकदा साहेब दौऱ्यावर असताना मशीन बिघडलं. एकाच टेकडीच्या बारा पिशव्या दळायच्या राहिल्या होत्या. मी शहाणपणा केला. पिशव्या स्कूटरवरून घरी नेल्या. वडील लग्नाला पेठ वडगावला गेले होते. त्यांचा खल घासूनपुसून घेतला आणि दोन दिवस माती कुटत बसलो. बोटातली अंगठी मात्र आठवणीने काढून ठेवली होती.

निकाल आले आणि साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. बाराच्या बारा पिशव्यांत सोनं होतं आणि शेजारच्या टेकड्यांच्या सगळ्या कोरड्या. मला तेव्हाच खल आठवला, वर्षानुवर्षं सोन्याचा केर कुटलेला, कितीही घासला तरी कण धरून ठेवणारा. सांगतो, सांगतो म्हणत मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मुख्य ऑफिसला कळवून ड्रिलिंगचं मशीन मागवलं, आणि पत्रात माझी तारीफ केली. आता तोंड उघडलं तर माझी नोकरी जाणार होती आणि साहेबांचं हसं होणार होतं. यातलं दुसरं कारण मी स्वतःला जास्त वेळा सांगायचो, ते दिसायला बरं होतं.

एका रविवारी साहेब आमच्या घरी आले. उरलेली पूड धुऊन त्यांना चार बारीक कण मिळाले होते, ते त्यांनी काचेच्या छोट्या बाटलीत आणले होते. वडिलांच्या हाताखालून इतकं सोनं गेलेलं, तेव्हा त्यांनीच बघून सांगावं, असं ते म्हणाले. कणांना लालसर झाक होती, म्हणजे त्या टेकडीत तांबंही असणार, असं ते मला आधीच उत्साहाने समजावून चुकले होते. वडील दागिन्यात तांबं मिसळतात, हे काही त्यांना सुचलं नाही.

वडिलांनी डोळ्याला भिंग लावलं. मी खल वापरला हे त्यांना माहीत होतं, परत आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं. भिंगाखाली त्यांनी कण कितीतरी वेळ उलटेपालटे केले. कानशीने घासल्यावर सोन्याची जी बारीक वळी निघते, तसा एक कण त्यात होता. मला तो बिनभिंगाचाही दिसत होता असं वाटलं. पळून जावं म्हटलं तर दार साहेबांच्या पाठीमागे. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

"मला खाणीतलं कळत न्हाय, साहेब," वडील शेवटी म्हणाले. "घडवल्यालं तेवढं कळतंय."

साहेबांना तो सोनाराचा विनय वाटला. ते चहा पिऊन, बाटली खिशात घालून गेले. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी लई वेळ थांबलो. तू बोलशील म्हणून."

टेकडीला तीन भोकं पाडली. हिरवा दगड निघत राहिला, दुसरं काही नाही. कंपनीने काम गुंडाळलं आणि साहेबांना मुदतीआधीच घरी बसवलं. मला मात्र दुसरीकडे घेतलं. साहेबांना रेल्वेवर सोडायला मी एकटाच गेलो होतो. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. डब्याच्या दारात उभे राहून साहेब म्हणाले, "तुझे नमुने चोख होते. मीच भोकं चुकीच्या जागी पाडली. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"बरं, साहेब," मी म्हणालो.

पुढे दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं. त्या टेकडीकडे परत कुणी बघतं का, हा प्रश्न त्यात ठरलेला. नाही, एवढंच मी लिहायचो. नवं शतक लागून काही वर्षं झाली, आणि पत्राऐवजी एक पार्सल आलं. साहेब वारले होते. त्यांच्या पुतण्याला कपाटात ती बाटली सापडली होती, वर चिकटवलेल्या कागदावर साहेबांच्या अक्षरात माझं नाव आणि खाली 'याने शोधलं' असं लिहिलं होतं. म्हणून त्याने ती मला पाठवली होती.

वडील तेव्हा थकले होते, काम बंद होतं. बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, तुमच्याच केरातलं आहे, त्या डब्यात टाका. त्यांनी कागद वाचला. मग बाटली माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली.

"माझं न्हाय त्ये," ते म्हणाले. "त्यावर तुझं नाव हाय."